डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून

६ जानेवारी, सोमवार. झरी

नोकरीचा पहिला दिवस, आणि भागम्मामावशींच्या हातची वांग्याची भाजी अजून जिभेवर आहे! परभणीहून जिंतूरकडच्या बसने झरीला उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते. शिवकुमारभाऊ मोटारसायकल घेऊन थांबले होते. त्यांचं इथे बी-बियाणांचं दुकान आहे. घरामागची खोली त्यांनी मला दीड महिन्यासाठी दिली आहे. भिंतींना ताजा चुना आहे, खिडकीबाहेर शेवगा आहे, दाराची कडी आतून नीट लागते. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेल्यामुळे घरात भागम्मामावशी आणि भाऊ, मायलेकच आहेत.

बाबांचा नियम पाळायचं ठरवलं आहे. मी लहानपणी सारखी आजारी असायचे, म्हणून चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. रोज संध्याकाळी वही लिहायला लावायचे. जे झालं ते आधी लिही, तुला काय वाटलं ते नंतर वेगळं लिही, असं सांगायचे.

तर जे आहे ते असं. तीन वर्षांपूर्वी एका खाजगी दवाखान्याने जिल्ह्यात शिबिर घेऊन बेचाळीस जणांचे गुडघे बदलले. आता त्यांना प्रत्येकाच्या घरी जाऊन बारा प्रश्न विचारायचे. सगळे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत: आत बसवलेला सांधा तुमच्या लक्षात येतो का? चालताना, जिना चढताना, गाडीत, अंघोळीच्या वेळी, अंथरुणावर. उत्तरं पाच: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, सतत. परभणीच्या ऑफिसातल्या माणिकराव सरांनी समजावलं की माणूस ज्या दिवशी तो सांधा विसरतो त्या दिवशी ऑपरेशन खरं जमलं असं धरतात.

भागम्मामावशीही माझ्या यादीत आहेत, सतराव्या नंबरवर. दोन्ही गुडघे. माझं काम ऐकून खूप हसल्या. म्हणाल्या, लोक हात बघून पोट भरत्यात, तू गुडघे बघून भर माय.

मला वाटलं: इथे माझं चांगलं होणार.

८ जानेवारी, बुधवार

आज पहिले चार झाले. माझ्या आधी हे काम करणाऱ्या मुलाने मागच्या वर्षी भरलेले कागद मला नमुना म्हणून दिले आहेत. सगळ्यांची सगळी उत्तरं ‘कधीच नाही’. पेनसुद्धा एकच. माणिकराव सर फोनवर हसत म्हणाले, तो स्टँडवर चहा पीत दोन गावं उरकायचा. मी तसं करणार नाही.

पण अडचण अशी की माणसं खरोखरच फटाफट ‘कवाच न्हाई’ म्हणून मोकळी होतात. आश्रुबामामांचं तसंच. वय सत्तर, गावाबाहेर तुरीचं शेत, मुलगा परमेश्वर सोबत राहतो. मी तिसऱ्या प्रश्नावर होते तोवर त्यांनी बाराही उत्तरं देऊन टाकली. म्हणाले, ‘‘बाई, बैल काय रोज शिंगं मोजतोय का? असत्यात, बास.’’

विचार न करता दिलेलं उत्तर लिहायला माझा हात धजेना. म्हणून त्यांना म्हटलं, मामा, डोळे मिटा. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवा. मी प्रश्न वाचते, तुम्ही आत लक्ष द्या, घाई करू नका. परमेश्वरला गंमत वाटली. मामा आधी हसत होते, मग गप्प झाले. मग हळूच म्हणाले, ‘‘हाय. हाय की तितं.’’ डोळे उघडल्यावर गुडघ्याकडे अशा नजरेने पाहत राहिले, जसं घरात कुणी पाहुणा आलेला असावा आणि आपल्याला आत्ताच कळावं.

‘कधीच नाही’ खोडून ‘कधीकधी’ लिहिलं. ते खरं होतं. संध्याकाळी मावशींनाही तसंच विचारलं. त्यांनी डोळे मिटले आणि मला प्रत्येक प्रश्न तीनदा वाचायला लावला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण पाठांतर लय पक्कं आहे असं शिवकुमारभाऊंनी आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी त्या माझ्याबरोबर म्हणत होत्या.

११ जानेवारी, शनिवार

एकूण चौदा झाले. त्यातल्या अकरा जणांना डोळे मिटायला लावलं. तिघांना सवडच नव्हती. सेलूच्या कमलबाई कापूस वेचायला निघाल्या होत्या. टेम्पो हॉर्न देत होता आणि त्या चढता चढता उत्तरं देत होत्या. ‘‘न्हाई, न्हाई, न्हाई, आन् बाराव्यालाबी न्हाईच लिव्ह, जाऊ दे आता!’’ तो कागद अपुरा आहे असं मी शेऱ्यात लिहिलं आहे. पुन्हा जायला हवं.

सकाळी अंगणात मावशींचा आवाज आला. पूजा झाल्यावर त्या काही म्हणत होत्या. स्तोत्र असेल असं वाटलं. जवळ गेले तर माझे बारा प्रश्न! चालताना तुमच्या लक्षात येतो का. अंथरुणावर पडल्यावर तुमच्या लक्षात येतो का. माझं हसू आवरेना. मावशी म्हणाल्या, चांगलं हाय की हे, मन एका जागी बसतंय.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मावशी मांडी घालून बसल्या!

नीट लिहिते. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तिळगूळ घेऊन आत गेले. मावशींची पूजा चालू होती. त्या लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करतात. ती जमिनीवर मांडी घालून करायची असते, पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मांडी घालायची नाही असं सांगितलं, आणि घालू म्हटलं तरी गुडघा तेवढा दुमडतच नव्हता. तीन वर्षं त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पूजा करत आल्या. आज जमिनीवर होत्या. पाठ ताठ, दोन्ही गुडघे सपाट टेकलेले.

पूजा झाल्यावर त्या रडल्या. मग जे बोलल्या ते मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहिते. ‘‘आमच्यात मेल्यावर आडवं करत न्हाईत, पोरी. बसवून माती देत्यात. शिवकुमारचे अप्पा कसे बसले होते, जसं काही पूजाच करायलेत. मला लय भ्या होतं. ह्या लोखंडाच्या गुडघ्याला कसं बसवतील? मोडतील का माझा पाय? कुणाला इचारू?’’ आता तो घोर गेला म्हणाल्या. शिवकुमारभाऊंनी पेढे आणले, गल्लीत वाटले. त्यांच्या गुरूंना, जंगमस्वामींना, निरोप धाडला.

माणिकराव सरांना फोन केला. ते म्हणाले, चांगलंच आहे, शेऱ्यात लिहा.

मला वाटलं: माझ्या हातून काही चांगलं झालं. मग तिची जुनी फाइल पाहिली. (‘त्यांची’ लिहायला हवं होतं.) फाइलीत लिहिलंय की गुडघा शंभर अंशांच्या पुढे दुमडत नाही. आत बसवलेल्या तुकड्यांची रचनाच तशी आहे. मांडीला त्याहून कितीतरी जास्त लागतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

पिंगळीला गेले होते. गेल्या आठवड्यात डोळे मिटून उत्तरं देणाऱ्या चतुराबाईंचा एक प्रश्न राहून गेला होता. स्टेशनपासून घर जवळच आहे. सुनेने दार उघडलं आणि मला पाहून तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, परवा दुपारपासून सासूबाई उठल्या नाहीत.

चतुराबाई ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या. ताटही तिथेच, तांब्याही तिथेच. मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाल्या. मग उठत का नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आलेला नव्हता. म्हणाल्या, ‘‘मी कुटं बसले? त्यानं बसवलंय. तीन वर्सं निजलं होतं बाई. तुमी आवाज दिला.’’

सून मागून म्हणाली की डोकं फिरलंय म्हातारीचं, मनावर घेऊ नका ताई. पण ती मला दारापर्यंत सोडायला आली नाही.

उरलेला प्रश्न मी विचारला नाही. तसं कागदावर लिहिलं.

१८ जानेवारी, शनिवार

आश्रुबामामा गेले.

तुरीच्या शेतात, बोरीखाली. परमेश्वर सकाळी नऊच्या सुमारास भाकरी घेऊन गेला तेव्हा बसलेले होते. मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

मी त्यांना तसंच बसायला लावलं होतं. फक्त तेव्हा ते खाटेवर होते.

पाय सरळ होईनात. चौघांनी ओढून पाहिले. शेवटी तसंच बसलेलं सरणावर ठेवलं. गावात लोक म्हणायला लागले की मोठा पुण्यवान, बसल्या जागी गेला.

२० जानेवारी, सोमवार

परमेश्वर आज स्वतः आला. राख सावडायला गेले होते. एका फडक्यात गुंडाळून गुडघे आणले होते. जाळात टिकतात ते. दवाखान्याचं आहे, दवाखान्याला द्या म्हणाला, घरात ठेवणार नाही.

मी फडकं उघडलं. जे होतं ते लिहिते. गुडघ्यात वरचा तुकडा वेगळा आणि खालचा वेगळा असतो. मध्ये प्लॅस्टिक असतं. ते जळून गेलं. हाडंही गेली. दोघांना जोडून ठेवणारं काहीच उरलं नाही. तरीही ते जोडलेले होते. पूर्ण दुमडलेले. मी ओढून पाहिलं, सुटले नाहीत. गरम होते. दोन दिवसांनी.

परमेश्वरने दारातून विचारलं, ‘‘ताई, तुमी त्या दिवशी बाबाला नेमकं काय इचारलं होतं?’’

मी कागद दाखवला. त्याने वाचला. म्हणाला, एवढंच?

२१ जानेवारी, मंगळवार

आज सगळ्यांना फोन केले. गुडघा कसा आहे असं विचारायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण तेही विचारणंच झालं. फक्त म्हटलं, काय चाललंय?

पहिले म्हणाले, बसलोय. दुसऱ्या म्हणाल्या, बसलेय. तिसऱ्यांच्या नातवाने उचलला, आजोबा बसलेत म्हणाला. कुठे? खाली. खुर्चीवर नाही का? नाही, खाली.

अकरामधले आठ लागले. आठही खाली बसलेले.

कमलबाईंना लावला तर टेम्पोच्या आवाजातून ओरडल्या, ‘‘आता कशाला गं? कापूस वेचायलेय!’’ त्या ठणठणीत आहेत. घाईतले बाकी दोघेही. ज्यांना मी नीट विचारलं नाही, ते तिघेही चालत आहेत, फिरत आहेत. आधीच्या मुलाने तर कुणालाच विचारलं नव्हतं.

माणिकराव सरांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, थंडीचे दिवस आहेत, म्हातारी माणसं बसतात उन्हाला. पुढचे अठ्ठावीस कधी करणार?

करणार नाही.

२२ जानेवारी, बुधवार

मावशी साडेसहाला बसल्या, सव्वादहाला उठल्या. भिंतीतून ऐकू येतं. प्रश्न माझे, शब्द माझे. मी जिथे श्वास घेतला होता तिथेच त्याही थांबतात.

दुपारी त्यांचे पाय धरून सांगितलं की हे म्हणू नका. त्या हसल्या, तूच शिकवलंस की. मग आश्रुबामामांचं सांगितलं. फडकं दाखवलं नाही. हसणं थांबलं. म्हणाल्या, बरं, न्हाई म्हणत. त्याचा इचारबी करत न्हाई.

पण विचार करायचा नाही म्हटल्यावर त्या दुसऱ्या कशाचाच विचार करत नाहीत. मला दिसतंय. तुरीची डाळ निवडताना हात थांबतो आणि नजर खाली जाते.

शिवकुमारभाऊ रागावले. म्हणाले, ‘‘तीन वर्सं आई खुर्चीवर बसून झुरली. आता देवानं दिलंय तर तुमच्या पोटात काऊन दुखायलंय, ताई? तुमचा कागद तुमी सांभाळा.’’ वर स्वामींच्या पायाखाली घालायची शाल दाखवली. परवा येणार आहेत दर्शनाला, असं गावात सांगून बसले आहेत.

मी आज जेवले नाही. (दुपारी एक केळं खाल्लं.)

२४ जानेवारी, शुक्रवार

पिंगळीहून सुनेचा फोन. चतुराबाई पहाटे गेल्या.

बसलेल्याच.

तिने मला एक शिवी दिली आणि ठेवून दिला. तिचं बरोबर आहे.

स्वामी आले, मावशींना बसलेलं पाहिलं, विभूती लावली. जाताना मात्र शिवकुमारभाऊंना बाजूला घेऊन म्हणाले की आईंना उठवा. स्वामी म्हणाले, मी नमस्कार केला तेव्हा आईंनी डोळे उघडले, पण हात जोडता आले नाहीत त्यांना. हात गुडघ्यांवरच चिकटल्यासारखे होते.

त्यानंतर भाऊ माझ्याशी वाकडं बोलले नाहीत.

२५ जानेवारी, शनिवार

काल संध्याकाळपासून मांडी सुटेना. आज भाऊ, शेजारचे व्यंकटराव आणि मी, तिघांनी मिळून एकेक पाय सरळ केला. उजव्याला चाळीस मिनिटं. डाव्याला त्याहून जास्त. मावशींना दुखत नव्हतं. आम्ही ओढत होतो आणि त्या आमच्याकडे केविलवाण्या बघत होत्या, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता.

खाटेवर आडवं केलं. पाय धोतराच्या पट्ट्यांनी खाटेला बांधले.

मावशी म्हणाल्या, ‘‘मेल्यावर बसायचं होतं मला. जितेपणी न्हाई. शिवकुमार, नातवाचं तोंड बघू दे रे.’’

वहिनींचे दिवस भरत आलेत. आठवडा, दहा दिवस.

दवाखान्यात फोन केला. म्हणाले, सोमवारी ओपीडीत आणा.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी ९.४०. शाळेच्या लाउडस्पीकरवर गाणी. भाऊ परभणीहून गाडी आणायला गेलेत. दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायचं. गुडघे काढून टाका म्हणायचं. मावशींनीच सांगितलं, पाय गेले तरी चालतील.

पुढचं सगळं वेळेसह लिहिते. डॉक्टर विचारतील.

१०.१५. डाव्या पायाची पट्टी सैल. पुन्हा बांधली.

१०.५०. मावशी म्हणाल्या, दुसरं काहीतरी बोल. त्याच्याकडं ध्यान जाऊ दिऊ नको. मी बाबांचं सांगितलं. घरची शाळा, पाटी, चुलीपुढे पाढे. बाबा एकोणतीसचा पाढा चुकले होते आणि मी पकडलं होतं, ते. हसल्या. पाय सैल पडले, दोन्ही. अगदी मऊ.

म्हणजे विसरल्या की सुटतो! विसरता येतं!

११.२०. अजून सैल. नातवाचं नाव काय ठेवायचं ते बोलतोय. मुलगी झाली तर शिवानी.

११.४५. भाऊंचा फोन. गाडी मिळाली, तासाभरात येतो.

१२.०५. मावशींना झोप लागली. चार दिवसांनी. देवा.

१२.२०. डावी पट्टी तुटली.

आपोआप. मावशी झोपेतच. मी डावा हात गुडघ्यावर दाबून धरलाय, उजव्याने लिहितेय.

१२.२६. हाताखाली हलतंय. पाय नाही. आत.

१२.३०. गुडघा दोन बोटं वर आला. मावशी घोरतायत. त्यांच्या ध्यानात आता काहीच नाही. त्या विसरल्यात. मग कुणाच्या—

१२.३३. माझ्या.

माझा हात त्याच्यावर. माझं लक्ष त्याच्यात. तीन आठवडे दुसरं काही मनातच— मावशी नाही, मीच विचारतेय. आत्ताही. लिहितेय म्हणजे विचारतेच—

लिहिणं थांबवायला हवं. वेळ लिहायचं थांबवायला— हात काढायला हवा. काढला तर दुमडेल. नाही काढला तर मी—

उजवी पट्टीही.

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक— नाही. तिथेच आहे. ऐकतोय.

१२.३८. मावशींनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, पोरी, सोड. तू जा इथून, रानात जा, पळ, मला इसर—

जाते. वही इथेच ठेवते. हात उचल

निघत ना